गोल्फ स्विंगमधील रिलीज: मनगटे आणि हात यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून केले आहे. डाव्या हाताने खेळणाऱ्यांनी डावे-उजवे उलट करून वाचावे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवणे आवश्यक वाटते. रिलीजमधले दोष चेंडूपाशी दिसतात, परंतु त्यांची सुरुवात बहुतेक वेळा ग्रिपमध्ये, म्हणजे क्लबच्या पकडीत, किंवा बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याच्या हालचालीच्या, वरच्या टोकाला झालेली असते. म्हणून उत्तरे शोधतानाही आपल्याला वारंवार तिकडेच जावे लागेल.

रिलीज होतो तेव्हा मनगटांत आणि हातांत प्रत्यक्ष काय घडते?

बॅकस्विंग पूर्ण होतो तेव्हा डावा हात आणि क्लबचा शाफ्ट (दांडा) यांच्यात साधारण काटकोन झालेला असतो, उजवे मनगट मागे वाकलेले असते आणि दोन्ही अग्रबाहूंना, म्हणजे कोपर ते मनगट या भागाला, उजवीकडे पीळ बसलेला असतो. खाली येताना आणि चेंडूतून पुढे जाताना हे सारे उलगडते, आणि त्या उलगडण्यालाच रिलीज म्हणतात.

त्यात तीन हालचाली एकमेकींत मिसळलेल्या असतात. अंगठ्याच्या बाजूने वर दुमडलेले डावे मनगट करंगळीच्या बाजूने खाली उघडते. त्याच वेळी दोन्ही अग्रबाहू डावीकडे फिरतात, त्यामुळे डाव्या हाताची पाठ चेंडूपाशी लक्ष्याकडे वळते आणि पुढे जाऊन खेळाडूच्या मागच्या बाजूला वळते. तिसरी हालचाल उजव्या मनगटाची: मागे वाकलेले ते मनगट सरळ होऊ लागते, परंतु चेंडू लागतो त्या क्षणी ते पूर्ण सरळ झालेले नसते. नेमक्या या तिसऱ्या गोष्टीत नवशिक्या आणि मुरलेला खेळाडू यांच्यातला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. चांगल्या आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबच्या) फटक्यात हात चेंडूच्या किंचित पुढे असतात, डावे मनगट सपाट असते, आणि दोन्ही हात पूर्ण ताणलेले दिसतात ते चेंडू निघून गेल्यावर.

हात जाणीवपूर्वक फिरवायचे, की ते आपोआप फिरतात?

या प्रश्नावर प्रशिक्षकांमध्ये जुना मतभेद आहे, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे.

ड्रायव्हर या सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या डोक्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते. ते ताशी १४५ किलोमीटर वेगाने वळणावरून जात असताना हातांवर २० किलोहून अधिक वजनाइतकी ओढ पडते. ही ओढ क्लबला बाहेर फेकत असते, म्हणूनच दुमडलेली मनगटे उघडतात. शरीर डावीकडे वळत राहिले आणि हात सैल असले, तर मनगटे उघडण्यासाठी वेगळे बळ लावण्याची फारशी गरज उरत नाही. पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेले इंग्रज प्रशिक्षक अर्नेस्ट जोन्स रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवून दाखवत असत. रुमालाने चाकू ढकलता येत नाही, तो फक्त झुलवता येतो. हातांनी क्लब तसाच झुलवावा, एवढेच त्यांना शिकवायचे होते.

परंतु मनगटे उघडणे आणि क्लबफेस बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेस म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग; तो उजवीकडे पाहत असेल तर उघडा, डावीकडे वळला की बंद. ओढीमुळे मनगटे उघडतात, हे खरे. फेस योग्य वेळी लक्ष्याकडे वळेलच, अशी खात्री ती ओढ देत नाही. त्यासाठी अग्रबाहूंचे फिरणे लागते, आणि ज्याने ते कधी अनुभवलेच नाही त्याला ते आधी जाणीवपूर्वक करावे लागते. माझे मत असे आहे की स्लाइस (हवेत उजवीकडे वळत जाणारा फटका) मारणाऱ्या नवशिक्याला ‘हात विसरा, शरीर वळवा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याने आधी हात फिरवायला शिकावे, छोट्या स्विंगमध्ये ते अंगवळणी पाडावे, आणि मग पूर्ण स्विंगमध्ये त्याचा विचार सोडून द्यावा. चेंडू आणि क्लब यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्या अवधीत कोणीही काही ठरवून करू शकत नाही. जे करायचे ते त्याच्या बरेच आधी सुरू झालेले असावे लागते.

फेस किती बंद झाला याने एवढा काय फरक पडतो?

दिशेचा जवळजवळ सगळा हिशेब त्यावर अवलंबून असतो. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि नंतर फेसच्या दिशेने वळतो, असे अनेक वर्षे शिकवले गेले. रडारवर चालणारी मोजणी यंत्रे आल्यावर चित्र उलटे असल्याचे सर्वांच्या लक्षात आले: चेंडू मुख्यतः फेस जिकडे पाहतो तिकडे निघतो आणि फेस व मार्ग यांच्यातील कोनामुळे हवेत वळतो. सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा आयर्नसाठी साधारण तीन चतुर्थांश आणि ड्रायव्हरसाठी त्याहूनही अधिक असतो.

१५० मीटरच्या फटक्यात चेंडू ४ अंश उजवीकडे निघाला, तर तो वाटेत अजिबात वळला नाही तरी १० मीटर बाजूला पडतो. त्यात मार्ग डावीकडे कापणारा असेल, तर स्लाइसची भर वेगळी. रिलीज शिकणे म्हणजे हा फेस दर वेळी सारखाच आणायला शिकणे. अधिक अंतर हा त्याचा दुसरा लाभ आहे. मी त्याला पहिला लाभ मानत नाही.

माझी ग्रिप बरोबर आहे, हे कसे ओळखावे?

डाव्या हाताने क्लब पकडून खाली पाहावे. पहिल्या दोन बोटांची पेरे दिसत असतील आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली घडी उजव्या खांद्याकडे रोख धरत असेल, तर बहुतेकांसाठी ती ग्रिप योग्य आहे. तीन पेरे दिसली तर ती स्ट्राँग म्हणावी, एकच दिसले तर वीक. येथे स्ट्राँग किंवा वीक याचा जोराशी काही संबंध नाही. हात कोणत्या बाजूला वळलेला आहे, एवढेच त्यातून कळते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्लब हाताच्या कोणत्या भागात टेकतो. तो डाव्या तळहाताच्या मधोमध आडवा गेला की मनगट अंगठ्याच्या बाजूने नीट दुमडतच नाही, मग उलगडायचे तरी काय? ग्रिपचा रबरी दांडा बोटांच्या मुळाशी, तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीखालच्या मांसल उंचवट्याखाली असा तिरका यावा. खात्री करण्यासाठी तर्जनीचा आकडा आणि तळहाताची टाच एवढ्यावरच क्लब हवेत तोलून पाहावा. तो स्थिर राहिला तर जागा बरोबर आहे. हातमोज्याच्या तळव्याला टाचेपाशी भोक पडत असेल, तर क्लब तळहातात घसरतो आहे असे समजावे. जुना हातमोजा पुष्कळ काही सांगून जातो, तो फेकण्याआधी एकदा निरखावा.

पकडीचा जोर किती असावा, याला एकच आकडा नाही. करंगळी, अनामिका आणि मधले बोट घट्ट, अंगठे आणि तर्जन्या हलक्या, आणि अग्रबाहूंचे स्नायू ताठरलेले नाहीत, इतके पुरेसे आहे. मुंबईच्या दमट हवेत घामाने ग्रिप निसटते आणि माणूस नकळत मूठ आवळतो. अशा वेळी मूठ सैल करण्याचा उपदेश निरुपयोगी ठरतो. हातमोजा बदलावा, रबर साबणाच्या पाण्याने धुवावे, ते गुळगुळीत झाले असेल तर नवे बसवावे.

बॅकस्विंगच्या वर डावे मनगट सपाट हवे, खळगा पडलेले चालते, की बाहेर फुगलेले हवे?

तिन्ही प्रकारांनी मोठ्या स्पर्धा जिंकल्या गेल्या आहेत. डस्टिन जॉन्सन याचे डावे मनगट वर पोहोचल्यावर ठळकपणे बाहेर फुगलेले असते. त्याने २०१६ चे यूएस ओपन आणि २०२० चे मास्टर्स जिंकले. जॉन राम आणि कॉलिन मोरिकावा यांची मनगटेही त्याच वळणाची आहेत. बेन होगन याचे उदाहरण उलट आहे. तरुणपणी हुकने (डावीकडे जोरात वळणाऱ्या फटक्याने) हैराण झालेल्या होगनने ग्रिप वीक केली आणि वरच्या टोकाला डाव्या मनगटात खळगा पडू दिला. हेच आपले गुपित असल्याचे त्याने १९५५ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकातून जाहीर केले. त्याआधी १९५३ या एकाच वर्षी तो मास्टर्स, यूएस ओपन आणि द ओपन या तिन्ही स्पर्धांचा विजेता झाला होता.

आता यातून काय घ्यावे? खळग्यामुळे फेस उघडतो आणि फुगवट्यामुळे तो बंद होतो. होगनचा फेस वर उघडा असे, आणि तो खाली येताना अग्रबाहू जोराने फिरवून चेंडूपाशी मनगट सपाट, किंबहुना थोडे फुगलेलेच आणत असे. इतका वेगवान आणि अचूक पीळ उलगडणे त्याला साधले, कारण त्यासाठी त्याने आयुष्य वेचले होते. जॉन्सनचा फेस आधीच बंद असल्याने त्याला तो शेवटी फिरवावा लागत नाही; शरीर वेगाने वळवत ठेवले की पुरते. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला दुसरा मार्ग अधिक जवळचा आहे, असे मला ठामपणे वाटते. जॉन्सनइतके टोक गाठण्याची गरज नाही. मनगट सपाट असावे, आणि डाउनस्विंग सुरू होताना त्यात खळगा पडू नये. तेवढ्याने फेस वेळेआधीच जागेवर येतो आणि शेवटच्या क्षणाची हातघाई टळते.

लॅग, म्हणजे खाली येताना क्लबचे हातांच्या मागे राहणे, वाढवण्यासाठी मनगटे शेवटपर्यंत दुमडून धरावीत का?

नाही. आणि हा सल्ला आजवर जितक्या लोकांना बाधला, तितका दुसरा क्वचितच बाधला असेल.

सर्जियो गार्सिया खाली येताना शाफ्ट खांद्याजवळ ठेवतो, हे छायाचित्रात पाहून खेळाडू तो कोन मुद्दाम धरून ठेवू लागतो. धरायचा म्हणजे आवळायचा. आवळलेली मनगटे वेळेवर उघडत नाहीत, फेस उघडा राहतो आणि चेंडू अशक्तपणे उजवीकडे जातो. कसलेल्या खेळाडूच्या स्विंगमध्ये वेग टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. आधी कंबर वेग घेते आणि मंदावते, मग छाती, मग हात, आणि शेवटी क्लब. हातांचा वेग उतरतो त्याच वेळी क्लबचा चढतो. लॅग हा या क्रमाचा परिणाम आहे. कंबर हातांच्या आधी निघाली आणि हात सैल असले, तर तो आपसूक येतो.

मनगटे फार लवकर उघडत असतील, ज्याला कास्टिंग म्हणतात, तर कारण पाहावे. उजवा खांदा सुरुवातीलाच चेंडूकडे झेपावतो आहे का? फेस वर उघडा आहे का? शरीर फार हुशार असते: फेस उघडा आहे हे हातांना जाणवले की ते तो बंद करण्याची घाई करतात, आणि तो बंद करण्याचा एकच मार्ग त्यांना ठाऊक असतो, क्लब आधीच फेकून देणे. फेस सुधारला की पुष्कळांचा लॅग त्याच आठवड्यात सुधारलेला दिसतो.

चेंडूपाशी माझे डावे मनगट मागे मोडते आणि क्लब हातांच्या पुढे जातो. याचे कारण काय, आणि उपाय काय?

याला स्कूपिंग किंवा फ्लिप म्हणतात, आणि हौशी खेळाडूंचा हा सर्वांत चिवट दोष आहे. लक्षणे ठरलेली असतात. एक चेंडू जमीन आधी लागल्याने फॅट जातो, पुढचा क्लबच्या धारेवर लागून थिन जातो, डायव्हट (क्लबने उखडलेला गवताचा तुकडा) चेंडूच्या मागे पडतो किंवा पडतच नाही, आणि सात नंबरचे आयर्न नऊ नंबरइतके उंच जाते पण अंतर तोडत नाही.

कारणे तीन असू शकतात, आणि उपाय सांगण्याआधी आपले कारण ओळखणे आवश्यक आहे. पहिले कारण मनातले: चेंडू हवेत उचलायचा आहे, ही समजूत. क्लबला लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) दिलेला असतो तो त्याचसाठी. आयर्नने चेंडूवर किंचित खाली मारले की लॉफ्ट त्याला वर पाठवतो. ज्याची ही समजूत जात नाही त्याचा फ्लिपही जात नाही, मग तो कितीही व्यायामप्रकार करो.

दुसरे कारण पायांतले. वजन उजव्या पायावरच राहिले तर वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे राहतो, आणि चेंडूपर्यंत पोहोचायला मनगटांना क्लब पुढे फेकावाच लागतो. येथे मनगटांना दोष देऊन उपयोग नाही. फटका संपल्यावर उजवी टाच जमिनीवरच असेल आणि पोट लक्ष्याकडे वळलेले नसेल, तर उपाय मनगटात शोधू नये.

तिसरे कारण वर सांगितलेच आहे: उघडा फेस. क्लब पुढे फेकल्याने उघडा फेस थोडा तरी बंद होतो, म्हणून फ्लिप ही एका परीने हातांनी शोधलेली तडजोड असते. अशा खेळाडूला फक्त ‘हात पुढे ठेवा’ म्हटले, तर चेंडू आणखी उजवीकडे जातो. मग तो सल्ला चुकीचा समजून तो पुन्हा जुन्या सवयीकडे वळतो. आधी ग्रिप, मग वरचे मनगट, आणि त्यानंतर चेंडूपाशी हात पुढे, हा क्रम मोडू नये.

सरावासाठी एक काठी घ्यावी. जमिनीवर दिशा दाखवायला वापरतात ती बारीक फायबरची काठी चालते. ती ग्रिपला जोडून अशी धरावी की तिचे वरचे टोक डाव्या कुशीच्या बाहेरून मागे जाईल. मग अगदी सावकाश छोटा स्विंग करावा. मनगट मोडले की काठी बरगडीवर टेकते, आणि चूक कोणी सांगायची गरज राहत नाही. हात पुढे राहिले आणि छाती वळली, तर काठी कुशीपासून दूर राहते. हा प्रकार जोराने कधीही करू नये.

फटक्यानंतर माझे डावे कोपर बाहेर वाकते. हाही रिलीजचाच दोष का?

होय, बहुधा. ज्याला चिकन विंग म्हणतात तो हाच. शरीर वळायचे थांबले आणि अग्रबाहू फिरले नाहीत की क्लबला जायला वाट उरत नाही, म्हणून कोपर वाकून वाट करून देते. कोपर बळेच सरळ ठेवण्याने काही साधत नाही. छाती वळत ठेवावी आणि चेंडू गेल्यावर उजवा अग्रबाहू डाव्यावर येऊ द्यावा.

मी हात फिरवायला शिकलो, आणि आता सगळे चेंडू डावीकडे हुक होतात. पुन्हा जुन्या पद्धतीवर जावे का?

जाऊ नये. स्लाइसकडून हुककडे येणे ही प्रगती आहे, कारण फेस बंद करता येतो हे त्यातून सिद्ध होते. बहुधा शरीर थांबते आणि हात एकटेच फिरतात, असे यात घडत असते. कंबर आणि छाती वळत राहिली, तर तेवढेच फिरणे स्विंगच्या लांबीभर पसरते आणि फेस हळू बंद होतो. ग्रिप फार स्ट्राँग झाली असेल, तर एक पेर कमी दिसेल इतकी ती फिरवावी. ली ट्रेव्हिनोसारखा खेळाडू बंद फेस ठेवून, शरीर सतत वळवत आणि हात मुळीच न फिरवता आयुष्यभर फेड (हलकेच उजवीकडे वळणारा फटका) मारत राहिला. म्हणजे फिरण्याचे प्रमाण ग्रिपशी जुळले पाहिजे, ते सर्वांसाठी एकच नसते.

मी लहानपणापासून क्रिकेट खेळलो आहे. त्याचा फायदा होतो की अडथळा?

आपल्याकडे हा प्रश्न फार जणांचा असतो, आणि तो मोलाचा आहे. चेंडूवर नजर ठेवणे, वजन पुढच्या पायावर नेणे आणि मनगटांची ताकद, हे तिन्ही क्रिकेटमधून येते. अडचण येते ती बॅटच्या घडणीमुळे. बॅटचे पाते दांड्याच्या सरळ रेषेत असते, त्यामुळे सरळ ड्राइव्ह मारताना ते न फिरवता चेंडूतून पुढे नेता येते, आणि आपल्याला लहानपणी तेच शिकवलेले असते. गोल्फ क्लबचे डोके शाफ्टच्या एका बाजूला असते. त्याचे वजन शाफ्टच्या रेषेबाहेर असल्याने ते मागे रेंगाळते आणि फेस उघडतो. सरळ बॅटची सवय घेऊन आलेला माणूस फेस लक्ष्याकडे धरून ठेवतो, आणि त्याचा चेंडू उजवीकडे वळतो.

अशा खेळाडूने सरळ ड्राइव्हऐवजी मिडविकेटकडे मनगटाने वळवलेला फ्लिक आठवावा. त्यात उजवा अग्रबाहू डाव्यावर जातो, पाते बंद होते. फिरण्याची ती जाणीव गोल्फला जवळची आहे. फलंदाजी डाव्या हाताने आणि लेखन उजव्या हाताने करणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी दोन्ही बाजूंचे क्लब हातात घेऊन पाहिल्याशिवाय संच विकत घेऊ नये.

ड्रायव्हरसाठी रिलीज वेगळा करावा लागतो का?

वेगळा करावा लागत नाही. मांडणी वेगळी असते म्हणून तो वेगळा दिसतो. चेंडू टीवर (चेंडू उंच ठेवणाऱ्या छोट्या खुंटीवर) आणि डाव्या टाचेच्या रेषेत असल्याने क्लब वर्तुळाचा तळ ओलांडून वर चढताना त्याला गाठतो. तोवर शाफ्ट आणि डावा हात जवळजवळ एका रेषेत आलेले असतात. आयर्नसारखे हात मुद्दाम पुढे दाबले, तर ड्रायव्हरचा मुळातच कमी असलेला लॉफ्ट आणखी कमी होतो आणि चेंडू जमिनीलगत जातो.

चिप, बंकर आणि पटिंगमध्ये मनगटे किती वापरावीत?

पटिंगमध्ये, म्हणजे चेंडू भोकाकडे घरंगळवताना, जवळजवळ नाहीत. चिपमध्ये, म्हणजे जवळच्या छोट्या फटक्यात, थोडी, पण चेंडू लागताना डावे मनगट मोडू न देता. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, मात्र नियमच बदलतो: तेथे फेस उघडा ठेवून क्लबच्या तळाचा जाड भाग वाळूत सरकवायचा असतो, म्हणून अग्रबाहू फिरवायचे नाहीत. मनगटे खाली उघडू द्यावीत, फेस आकाशाकडे पाहत राहावा. फटका संपल्यावर फेसवर पाण्याचा पेला ठेवता येईल असा तो दिसला, तर काम बरोबर झाले.

घरी आणि रेंजवर (सरावाच्या मैदानावर) नेमका कोणता सराव करावा?

पूर्ण स्विंगने रिलीज शिकता येत नाही. डाउनस्विंग सेकंदाच्या सुमारे पाव भागात संपतो. इतक्या वेगात नवी सवय लागत नाही. म्हणून वेज (जास्त लॉफ्टचा, कमी अंतराचा क्लब) किंवा नऊ नंबरचे आयर्न घ्यावे आणि हात कमरेपर्यंतच न्यावेत, कमरेपर्यंतच आणावेत. मागे शाफ्ट जमिनीला समांतर असताना क्लबचे टोक, म्हणजे टो, वर पाहावे; पुढे शाफ्ट समांतर आल्यावर ते पुन्हा वर पाहावे. पुढे गेल्यावर फेस आकाशाकडे दिसला, तर हात फिरले नाहीत. तो पूर्ण जमिनीकडे दिसला, तर ते अति फिरले. हा साधा, आकर्षक नसलेला सराव मी इतर सर्व प्रकारांपेक्षा वर ठेवतो.

त्याच्या जोडीला दोन्ही हात ग्रिपवर चार बोटांच्या अंतराने धरून चेंडूशिवाय स्विंग करावा. हात वेगळे झाल्यामुळे उजवा डाव्यावर कसा जातो, ते ठळकपणे जाणवते. क्लब उलटा, म्हणजे डोक्याकडून धरून हवेत फिरवला की सणसणीत आवाज येतो. तो आवाज चेंडूच्या जागेच्या आधी आला तर मनगटे लवकर उघडत आहेत, चेंडूच्या जागी किंवा थोडा पुढे आला तर वेळ साधली आहे. आवाजावर लक्ष ठेवणाऱ्याचे अवयवांवरचे लक्ष आपोआप सुटते, आणि म्हणूनच हा प्रकार मुलांना फार लवकर साधतो.

घरी मोटारीचा जुना टायर उभा करून त्यावर क्लब हळू टेकवून इम्पॅक्टची, म्हणजे चेंडू लागण्याच्या क्षणाची, स्थिती तपासता येते: हात पुढे, डावे मनगट सपाट, वजन डाव्या पायावर, पोट लक्ष्याकडे वळलेले. येथे आपटायचे नाही, ढकलून स्थिती अनुभवायची.

रेंजवरच्या मॅटवर फटके चांगले लागतात, कोर्सवर मात्र बिघडतात. असे का?

मॅट खोटे बोलते. क्लब चेंडूच्या आधी मॅटवर टेकला तरी तो घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो. पावसाळ्यानंतरच्या मऊ जमिनीवर फ्लिप करणारा खेळाडू फॅट मारतो, आणि एप्रिल-मेमधल्या कडक जमिनीवर तोच क्लब उसळून थिन मारतो. दोष एकच असतो, ऋतूप्रमाणे तो वेगळा दिसतो. शक्य असेल तेव्हा गवतावर सराव करावा. खारघर व्हॅलीसारखे सार्वजनिक कोर्स शुल्क भरून सर्वांसाठी खुले असल्यामुळे क्लबचे सदस्यत्व नसणाऱ्यांचीही सोय होते. मॅटवरच सराव करायचा असेल, तर चेंडूच्या एक वीत मागे दुमडलेला टॉवेल ठेवावा आणि त्याला न लागता चेंडू मारावा.

मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत काय पाहावे?

सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या स्लो-मोशनमध्येही ताशी १४५ किलोमीटर वेगाने जाणारा क्लब दोन चित्रांच्या मध्ये १७ सेंटीमीटर सरकतो, म्हणून चेंडू लागण्याचा नेमका क्षण बहुधा सापडत नाही. त्याचा हट्ट धरू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शाफ्ट विचित्र वाकलेलाही दिसतो. तो कॅमेऱ्याच्या चित्र टिपण्याच्या पद्धतीचा परिणाम असतो, त्यावरून लॅगचा निष्कर्ष काढू नये. छातीच्या उंचीवर, समोरून कॅमेरा ठेवावा आणि तीन जागा पाहाव्यात: वरच्या टोकाला डावे मनगट, खाली येताना शाफ्ट समांतर असताना फेस, आणि पुढे समांतर असताना फेस व डावे कोपर.

सरावाने मनगट किंवा कोपर दुखू लागले तर?

थांबावे. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, डाव्या मनगटाच्या करंगळीकडील बाजूला किंवा कोपराच्या कोणत्याही बाजूला होणारी दुखणी गोल्फमध्ये परिचित आहेत. कडक मॅटवर वारंवार आपटणे आणि क्लब अति आवळणे ही त्यांची नेहमीची कारणे असतात. जमिनीवर क्लब जोरात आपटल्यानंतर तळहाताच्या करंगळीकडील टाचेत टोचणारी वेदना राहिली, तर ते दुर्लक्षित करू नये; ग्रिपचे टोक तेथे दाबल्याने हॅमेट या लहान हाडाचा आकडा मोडू शकतो, आणि तो साध्या एक्स-रेमध्ये सुटून जाऊ शकतो. हे अस्थिरोगतज्ज्ञांना गोल्फचा उल्लेख करून सांगावे.

राउंड खेळताना ही साधने वापरता येतात का?

नाही. गोल्फच्या नियमांतील ४.३ या नियमानुसार राउंड चालू असताना दिशादर्शक काठी, वजनाचे कडे किंवा तत्सम सराव-साधन घेऊन स्विंग करता येत नाही, अगदी सराव स्विंगसुद्धा. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळण्याच्या प्रकारात) पहिल्या उल्लंघनाला दोन फटक्यांचा दंड आणि दुसऱ्याला अपात्रता आहे. साध्या क्लबने केलेल्या सराव स्विंगला हरकत नाही. म्हणून चेंडूमागे उभे राहून कमरेपासून कमरेपर्यंतचा एकच स्विंग करावा, टो दोन्ही बाजूंना वर येतो का ते पाहावे, आणि लगेच चेंडूपाशी जाऊन फटका मारावा, म्हणजे मागच्या गटाचाही खोळंबा होत नाही.